आजचे चिंतन : न बोललेले दुःख ऐकणे



आज नित्यवाचनात गीतेच्या बाराव्या अध्यायातला तेरावा श्लोक आला. भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणं इथून सांगायला लागतात. आणि बघा, सुरुवात कुठून होते? किती जप झाला, किती वाऱ्या झाल्या, इथून नाही. कोणत्याही भूतमात्राचा द्वेष नाही, सर्वांशी मैत्री आहे आणि अंतःकरणात करुणा आहे, इथून होते.

‘भूतमात्र’ हा शब्द आपण वाचतो आणि चटकन पुढे जातो. त्यात आपल्या उंबरठ्यावर बसलेली मांजर आली की नाही? आली ना. मग आजचं चिंतन तिच्यावरच करू या. कारण एका ताईंनी विचारलं होतं, “आमची मांजर दोन दिवस काही खात नाही, कपाटामागे जाऊन बसते. रोज तिच्यासाठी प्रार्थना करते आहे. आणखी काय करू?” त्यांना उत्तर तेव्हाच दिलं : ताई, प्रार्थना टोपली उचलता उचलता करा, पण तिला आत्ता जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. प्रश्न मात्र त्यांच्या एकट्यांचा नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

श्लोकात मैत्री आणि करुणा असे दोन वेगळे शब्द आहेत. मैत्री म्हणजे आवड. मांजर मांडीवर येऊन बसली, आपण तिच्या मानेवरून हात फिरवला, ही मैत्री. ती सोपी असते, कारण तिच्यात आपल्यालाही सुख आहे. करुणा त्याच्या पुढची. समोरच्याचं दुःख ओळखायचं आणि ते दूर करायला उठायचं, यात दोन कामं आली. ओळखणं आणि उठणं. यातलं एक जरी राहिलं, तरी करुणा अर्धी राहिली.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउलींनी अहिंसा किती विस्तारानं सांगितली आहे, ते आपण मागे पाहिलं आहे. अहिंसक माणूस पाऊल टाकतो ते खालच्या जिवाला धक्का लागू नये म्हणून जपून. त्याचं चालणं, बोलणं, पाहणं, हात हलवणंसुद्धा दयेनं भरलेलं. माउली तिथे कसली मोठी कृत्यं सांगत नाहीत, लक्ष द्यायला शिकवतात. ज्याचं लक्ष नाही, त्याच्या हातून नकळत दुखावणं होतं.

आता मांजरीचं बघा. भक्तिमार्गात मांजरीला मोठं स्थान आहे. दक्षिणेतल्या श्रीवैष्णव परंपरेत शरणागतीचे दोन दृष्टान्त देतात. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून ठेवतं, तो मर्कटन्याय. मांजरीचं पिल्लू मात्र काहीच करत नाही, आईच त्याला मानेला धरून नेईल तिकडे जातं, तो मार्जारन्याय. रामकृष्ण परमहंसही हा दृष्टान्त फार आवडीनं सांगत. आपण हा दृष्टान्त ऐकतो आणि स्वतःला पिल्लाच्या जागी ठेवतो. देव आई, आपण पिल्लू. बरोबरच आहे. पण घरातल्या मांजरीपुरता विचार केला, तर आपली जागा बदलते. ती पूर्ण आपल्या स्वाधीन आहे. तिला दवाखाना माहीत नाही, रिक्षा करता येत नाही. तिथे उचलणारी आई आपण आहोत.

आणि इथेच अडचण आहे. दृष्टान्तातलं पिल्लू निदान म्याँव म्याँव करून आईला हाक मारतं. घरातली मोठी मांजर दुखलं तर बहुतेक वेळा गप्प बसते. कारण तिच्या स्वभावात आहे. मांजर शिकार करते, पण स्वतः लहान असल्यामुळे मोठ्या जनावराची शिकारही होऊ शकते. अशक्त दिसणारा जीव आधी मारला जातो. म्हणून आजार लपवणं तिच्या रक्तात आहे. ती कण्हत नाही, कोपऱ्यात जाते. इतकंच काय, वेदनेतही ती घुरघुरते आणि आपल्याला वाटतं, खुशीत आहे! म्हणजे मांजरीचं गाऱ्हाणं कानांनी ऐकायचं नसतं, डोळ्यांनी ऐकायचं असतं.

एक उदाहरण घेऊ, कारण यात जीव जातो आणि वेळेवर कळलं तर बहुतेकदा वाचतो. समजा, घरात चार-पाच वर्षांचा बोका आहे. सकाळपासून तो सारखा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय, कुंथतोय, बाहेर येतोय, पुन्हा जातोय. मागची जागा सारखी चाटतोय. घरातले म्हणतात, “बद्धकोष्ठ झालं असेल, चमचाभर तूप द्या.” पण ट्रे नीट पाहिला, तर शीचा प्रश्नच नसतो. लघवी होत नसते! बोक्याची मूत्रनलिका लांब आणि फार अरुंद असते. बारीक खडे, चिकट द्रव यांनी ती तुंबते. मूत्राशय फुगत जातं, लघवीवाटे जाणारं पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. संध्याकाळपर्यंत उलट्या, दुसऱ्या दिवशी ग्लानी, आणि एक-दोन दिवसांत सगळं संपू शकतं. डॉक्टर मात्र भूल देऊन नळी घालतात, सलाईन लावतात, काही दिवस ठेवून घेतात आणि पुष्कळ बोके बरे होऊन घरी येतात. म्हणून बोका कुंथतोय आणि लघवी थेंबभर किंवा अजिबात नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. रात्र असली तरी फोन करायचा, निघायचं. पोट दाबून पाहायचं नाही.

याच तातडीची आणखी काही लक्षणं मनात पक्की करून ठेवा.

तोंड उघडं टाकून श्वास घेणं. कुत्रा धापा टाकतो ते साधं, मांजरीत ते साधं नाही. मांजर शांत झोपलेली असताना मिनिटभर छातीचं वरखाली होणं मोजा. साधारण तीसच्या आत असायला हवं. वारंवार जास्त भरत असेल तर डॉक्टरांना सांगा.

मागचे पाय अचानक लुळे पडणं, जोरात ओरडणं, पंजे गार लागणं. हृदयाच्या आजारात रक्ताची गुठळी अडकून असं होतं.

हिरड्यांचा रंग. ओठ हळूच वर करून पाहा. गुलाबी असाव्यात. पांढऱ्या, निळसर किंवा पिवळ्या दिसल्या तर लगेच निघा.

पूर्ण दिवस अन्नाला तोंड न लावणं. उपास आपल्याला पुण्याचा, मांजरीला घातक. विशेषतः जाड मांजर काही दिवस उपाशी राहिली तर शरीरातली चरबी यकृतात साठून यकृत निकामी होऊ लागतं. पिल्लू असेल तर इतकाही वेळ नसतो. लस न दिलेल्या पिल्लाला उलट्या आणि जुलाब सुरू झाले, तर तासांचा हिशेब असतो.

ऑपरेशन न केलेली मांजरी माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांत मलूल झाली, पाणी फार पिऊ लागली, पोट फुगलं किंवा मागून स्राव येऊ लागला, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. तेही त्याच दिवशी दाखवायचं.

आणि काही लक्षणं हळू येतात. म्हातारी मांजर पूर्वीपेक्षा खूप पाणी पिते, खूप लघवी करते, वजन उतरत चाललंय. मूत्रपिंड, मधुमेह किंवा थायरॉइड यांपैकी काही असू शकतं. “वय झालं आता” म्हणून सोडून देऊ नका, त्याच आठवड्यात तपासून घ्या.

आता न करण्याच्या गोष्टी. घरात ताप-अंगदुखीला आपण घेतो ती पॅरासिटामॉल मांजरीला विष आहे. तिच्या यकृताला ते औषध निकामी करता येत नाही, अर्ध्या गोळीनंही जीव जाऊ शकतो. मायेपोटी गोळी चारली आणि मांजर गेली, असं कोणाच्याही घरी होऊ नये. फुलांच्या गुच्छातून येणाऱ्या खऱ्या लिलीचे पराग किंवा फुलदाणीतलं पाणीसुद्धा तिची मूत्रपिंडं निकामी करू शकतं, ती फुलं मांजर असलेल्या घरात नकोतच. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, आत आतडी कापली जातात. नेताना तिला टॉवेलमध्ये गुंडाळा, झाकणाच्या टोपलीत ठेवा. दुखत असलं की प्रेमळ मांजरही चावते. चावली किंवा ओरखडलं तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि आपल्या डॉक्टरांनाही दाखवा.

कोणी म्हणेल, “महाराज, चिंतन सोडून हे काय वैद्यक लावलंय?” माउली, हेच चिंतन आहे. नाथांची गोष्ट आठवा. रामेश्वराला वाहायला काशीहून आणलेलं गंगाजल, खांद्यावर कावड, महिनोन् महिन्यांची चाल. वाटेत वाळवंटात एक गाढव तहानेनं तडफडत होतं. नाथांनी ते पाणी त्याच्या तोंडात ओतलं. गाढवानं काही मागितलं होतं का? नव्हतं. नाथांनी ते ओळखलं. आणि ‘आधी रामेश्वरला पोचतो, मग याच्यासाठी प्रार्थना करतो’ असं नाथ म्हणाले नाहीत. त्यांची पूजा तिथेच पूर्ण झाली.

“ज्याचं त्याचं प्रारब्ध” असंही लोक म्हणतात. प्रारब्ध हा शब्द स्वतःच्या दुःखाला धीर द्यायला आहे, दुसऱ्याच्या दुःखापासून सुटका करून घ्यायला नाही. आपल्या नातवाला रात्री ताप चढला तर आपण प्रारब्ध म्हणून झोपतो का? आणि ती मांजर नेमकी तुमच्याच दारात आली, हेही तिचं प्रारब्धच की. कदाचित तुम्हीच तिचं चांगलं प्रारब्ध असाल.

खर्चाचा प्रश्न खरा आहे, तो नाकारत नाही. पण मार्ग असतात. तालुक्याच्या गावी सरकारी जनावरांचा दवाखाना असतो. १९६२ हा जनावरांच्या वैद्यकीय मदतीचा टोल फ्री क्रमांक आहे. मुंबईत परळला धर्मादाय ‘बैलघोडा हॉस्पिटल’ आहे आणि त्याच आवारात १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय. जवळचा दवाखाना कुठला आणि रात्री कोण फोन उचलतं, हे आजच विचारून कागदावर लिहा आणि तो देवघराशेजारी लावा. संकटात शोधाशोध करण्यात जो तास जातो, तोच तास तिच्या जिवाचा असतो. वेळच्या वेळी लस आणि ऑपरेशन केलं, तर मोठा खर्च पुष्कळदा टळतोही.

आणि सगळं करूनही ती वाचली नाही तर? तसंही होतं. शरीर नाशवंत आहे, हे गीतेनंच शिकवलं. पण शेवटच्या वेळी ती एकटी कपाटामागे नव्हती, तिची वेदना कोणीतरी ओळखली होती, ती कमी करायला कोणीतरी धावलं होतं, एवढं आपल्या हातात असतं. फळ आपल्या हाती नाही, धावणं आहे.

आजचा नेम छोटा आहे. संध्याकाळी दिवा लावला, हरिपाठ झाला की पाच मिनिटं मांजरीजवळ बसा आणि मनाशी चार प्रश्न विचारा. आज ही जेवली का? पाणी रोजच्याइतकंच प्यायली का? लघवी-शी झाली का? रोजच्या जागी, रोजच्यासारखी आहे का? चारांपैकी एकाचं उत्तर ‘नाही’ आलं, तर दुर्लक्ष करू नका. घरात मांजर नसेल, तर गल्लीतल्या एखाद्या मुक्या जिवाकडे याच नजरेनं पाहा.

हे पांडुरंगा, जे बोलतात त्यांचं तर सगळेच ऐकतात. जे बोलत नाहीत त्यांचं आम्हाला ऐकू येऊ दे, आणि ऐकू आल्यावर पाय उचलायची बुद्धी दे.

उद्या याच अध्यायाचा पुढचा श्लोक घेऊ.

राम कृष्ण हरी.