निवृत्ती कोणाची, सुट्टी कोणाची?

शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की जालना, अंबड, परतूर, भोकरदन अशा गावांतील निवृत्त दाम्पत्यांच्या घरी मुंबई-पुण्याहून नातवंडे येऊन दाखल होतात. महिनाभर शांत असलेले अंगण जागे होते. आणि याच दिवसांत असरच्या नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावर एखादा वडीलधारा समवयस्काला हटकतो: नोकरीत असताना वेळ नव्हता हे समजू शकते, पण आता निवृत्तीनंतर तरी माणसाने कुरआन आणि तसबीह घेऊन बसावे, पोरे घेऊन तलावाकाठी हिंडण्याचे हे वय आहे काय?

वाचकहो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विचारणाऱ्याच्या बाजूने पुरावे भक्कम आहेत. संपत्ती आणि संततीने तुम्हाला अल्लाहच्या स्मरणापासून गाफील करू नये, असा इशारा कुरआनने सूरह मुनाफिकूनमध्ये दिला आहे. सूरह इन्शिराहमध्ये तर कामातून मोकळे होताच उपासनेच्या श्रमाला लागण्याचा आदेश आहे. आरोग्य आणि मोकळा वेळ या दोन देणग्यांबाबत पुष्कळ लोक तोट्यात राहतात, असे आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचे सहीह बुखारीत नोंदलेले आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाकडे या दोन्ही देणग्या बहुधा एकाच वेळी असतात, आणि दोन्ही फार काळ टिकणाऱ्या नसतात. तेव्हा हिशेब मागितला जाणार, यात शंका नाही.

परंतु हाच प्रश्न एका सहाबींनाही पडला होता. हजरत हन्जला (रजि.) हे पैगंबर (स.) यांच्या लेखनिकांपैकी एक. ते एकदा हजरत अबू बक्र (रजि.) यांना भेटले तेव्हा अत्यंत अस्वस्थ होते. हन्जला ढोंगी झाला, असे ते स्वतःविषयीच म्हणाले. कारण काय, तर पैगंबर (स.) यांच्या सान्निध्यात असताना स्वर्ग आणि नरक डोळ्यांसमोर उभे राहतात, घरी येऊन पत्नी, मुले आणि शेतीवाडीत गुंतले की त्यातले बरेचसे विसरायला होते. अबू बक्र (रजि.) यांनी समजूत घातली नाही, आपलीही अवस्था तीच आहे, असे त्यांनी कबूल केले. दोघे मिळून पैगंबर (स.) यांच्याकडे गेले. त्यावर मिळालेले उत्तर सहीह मुस्लिममध्ये आहे. माझ्यापाशी असताना तुमची जी स्थिती असते, तीच सदैव टिकली असती तर फरिश्त्यांनी तुमच्या बिछान्यावर आणि रस्त्यात येऊन तुमच्याशी हस्तांदोलन केले असते. पण हन्जला, एक घटका याची आणि एक घटका त्याची, असा त्या उत्तराचा आशय आहे. शेवटची गोष्ट त्यांनी तीनदा सांगितली.

ओट्यावरच्या प्रश्नाला एवढे उत्तर पुरेसे वाटेल. मला ते पुरेसे वाटत नाही, कारण या सवलतीचा आधार घेऊन माणूस दोन्ही घटका स्वतःच्याच आवडीने वाटून घेऊ शकतो. नातवंडांबरोबरचा वेळ नेमका कोणत्या जातीचा आहे, हे आधी ठरवले पाहिजे.

त्यासाठी कुरआनचा एक शब्द पाहा. सूरह अंबियामध्ये हजरत इब्राहीम (अ.) यांना इसहाक (अ.) दिले आणि त्यावर याकूब (अ.) दिले असा उल्लेख आहे, आणि तेथे ‘नाफिला’ हा शब्द आला आहे. नाफिला म्हणजे हक्काहून अधिक, वरचे देणे. कित्येक भाष्यकारांनी याचा संबंध विशेषतः याकूब (अ.) यांच्याशी जोडला आहे: प्रार्थना पुत्रासाठी होती, नातू वर मिळाला. आपण ज्यांना नफल नमाज म्हणतो तो शब्द याच धातूचा. नातवंड हे अशा अर्थाने नफल आहे. मुलाचे संगोपन हे माता-पित्यावरचे कर्तव्य. नातवंडाचे लाड ही त्यावरची भर. म्हणूनच तर त्यात एवढा गोडवा असतो. ज्या वडिलांनी मुलाच्या प्रगतिपुस्तकावर डोळे वटारले, तेच आजोबा होऊन नातवाला खांद्यावर घेतात. माणूस बदललेला नसतो, जबाबदारीचा प्रकार बदललेला असतो.

मात्र नफलला नियम असतात. नफल स्वेच्छेने असते, दुसरा कोणी ती लादू शकत नाही. ती कोणाचा हक्क मारून अदा होत नाही. आणि हनफी मतानुसार नफल एकदा सुरू केली की पूर्ण करणे आवश्यक ठरते. हा शेवटचा नियम आजोबांनी विशेष लक्षात ठेवावा, कारण ‘उद्या तलावावर नेतो’ हे वाक्य आपल्या घरांत फार स्वस्त झाले आहे. एका स्त्रीने आपल्या लहान मुलाला ‘ये, तुला काही देते’ असे म्हणून बोलावले, तेव्हा पैगंबर (स.) यांनी तिला काय देणार होतीस असे विचारले. खजूर, असे तिने सांगितले. दिले नसते तर ते तुझ्या नावावर खोटे म्हणून लिहिले गेले असते, असे त्यांनी बजावले. अबू दाऊदच्या संग्रहातील ही हदीस वाचल्यावर मुलांना सहज दिलेल्या वचनांचा आकडा मनात मोजून पाहावा.

आता वचन दिलेच आहे असे समजू. मे महिन्यात जालन्याचा पारा चाळिशी ओलांडतो, दुपारी रस्ते ओस पडतात. बाहेर पडण्याजोग्या वेळा दोनच उरतात: फजरनंतरची आणि असरनंतरची. पावणेसहाच्या सुमारास सूर्य वर येतो, सातच्या आसपास मावळतो. मधला सारा काळ घरातच. म्हणजे ज्याची नमाज वेळेवर आहे त्याची सहलही आपोआप वेळेवर होते. फजरसाठी उठलेला नातू पुन्हा झोपण्याऐवजी आजोबांचे बोट धरून मोती तलावाकडे किंवा घाणेवाडीच्या वाटेला लागला, तर त्यात उपासनेचे नुकसान कुठे झाले? उंटाकडे, आकाशाकडे, पर्वतांकडे आणि पसरलेल्या जमिनीकडे पाहून विचार करा, असे कुरआन सूरह गाशियामध्ये सांगतो. हे पाहणे बंद खोलीत मोबाइलच्या पडद्यावर होत नाही.

जालना जिल्ह्याचे निसर्गसौंदर्य महाबळेश्वरासारखे नाही हे मान्य. येथे पाहण्यासारखी मोठी गोष्ट म्हणजे पाणी, आणि कधी कधी पाण्याचा अभाव. घाणेवाडीचा तलाव निजामाच्या राजवटीत शहरासाठी बांधला गेला. त्याचे पाणी पंपाविना, केवळ जमिनीच्या उताराने शहराकडे आणण्याची सोय त्यात आहे. तो गाळाने भरला तेव्हा शहरातील नागरिकांनी पुढाकार घेऊन गाळ उपसला आणि शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतात नेऊन पसरला. नळ सोडला की पाणी येते एवढेच ठाऊक असलेल्या नातवाला त्या काठावर उभे करा आणि हे सांगा. तुम्ही आज पासष्टीच्या आसपास असाल तर 1972 च्या दुष्काळात शाळकरी वयाचे होता. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी, वाटली जाणारी सुकडी, दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसे आणि त्यांच्याच हातांनी खणले गेलेले पाझर तलाव हे तुम्ही पाहिले आहे. 2012-13 च्या दुष्काळात याच जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा पाण्यावाचून वाळल्या, शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने झाडे तोडली, शहर टँकरवर जगले. तेही पाहिले आहे. 2016 मध्ये जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले, ही बातमी नातवाला इंटरनेटवर सापडेल. वाळलेल्या बागेच्या बांधावर बसलेला शेतकरी कसा दिसतो, हे मात्र तुमच्याशिवाय त्याला कोण सांगणार? पैगंबर (स.) एक मुद्द, म्हणजे दोन्ही हातांच्या भरल्या ओंजळीएवढ्या मापाच्या पाण्यात वुजू करीत. घरी परतल्यावर एक तांब्या भरून नातवासमोर ठेवा आणि त्यात वुजू पुरा होतो का ते त्यालाच करून पाहू द्या. तलाव पाहून आलेल्या मुलाला याचे कारण समजावून सांगावे लागत नाही.

उन्हाळ्यातच उघड्या माळावर टिटवी अंडी घालते. घरटे असे नसतेच. खड्यांमध्ये खड्यांसारखीच अंडी. जवळ गेलात की पक्षी डोक्यावर घिरट्या घालीत ओरडू लागतो. मुले ती अंडी उचलायला धावणारच. एका प्रवासात काही सहाबींनी एका पाखराची पिले उचलली आणि ते पाखरू पंख फडफडवीत आले, तेव्हा हिला हिच्या पिलांवरून कोणी दुःख दिले असे विचारून पैगंबर (स.) यांनी पिले परत ठेवायला लावली. हा प्रसंग मदरशात पाठ करून घेता येतो. पण टिटवी डोक्यावर ओरडत असताना तो सांगण्याची संधी आयुष्यात एखाद्या वेळीच मिळते.

येथवर ओट्यावरचा प्रश्न सुटला असे मानू. पण या साऱ्या वर्णनात एक व्यक्ती कुठेच आलेली नाही, हे तुमच्या लक्षात आले काय? तलावावर आजोबा आणि नातू आहेत. दादी कुठे आहे?

ती स्वयंपाकघरात आहे. दोन माणसांचा स्वयंपाक आता आठ माणसांचा झाला आहे. सकाळी सहलीसाठी डबा, परतल्यावर नाश्ता, दुपारी जेवण, संध्याकाळी सरबत आणि तळण. त्यात चाळीस अंशांची उष्णता आणि पेटलेली शेगडी. आपल्या समाजात निवृत्ती हा शब्द व्याकरणाने स्त्रीलिंगी असला तरी व्यवहारात पुल्लिंगीच आहे. पती निवृत्त झाले तेव्हा शाल, श्रीफळ आणि निरोपाची भाषणे झाली. पत्नीच्या कामाला तशी कोणतीही तारीख नाही. उलट पती दिवसभर घरी असल्याने चहाचे कप वाढले. ज्या सहलीला आपण कुटुंबाचा आनंद म्हणतो, तो आनंद बहुतेक वेळा एका वृद्ध स्त्रीच्या श्रमावर उभा असतो. आणि तिच्या गुडघ्यांची तक्रार जून उजाडल्यावर, नातवंडे परत गेल्यावरच ऐकू येते.

याच ठिकाणी नफलचा दुसरा नियम लागू होतो. तुमच्या नफलचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर असेल तर ती कोणाच्या खात्यात जमा होईल? माननीय आयशा (रजि.) यांना विचारले गेले की पैगंबर (स.) घरी काय करीत. ते घरच्यांच्या कामात मदत करीत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात, असे त्यांनी सांगितले. सहीह बुखारीतील ही हदीस आपण व्याख्यानांत अभिमानाने सांगतो आणि घरी येऊन पाण्याचा पेला मागतो. शिवाय इब्राहीम (अ.) यांच्या घरची ती शुभवार्ता आठवा. सूरह हूदमध्ये इसहाकची आणि त्यांच्या नंतर याकूबची वार्ता देताना शब्द वृद्ध पत्नीलाच उद्देशून आहेत. नातवाची खुशखबर आधी दादीला मिळाली होती. मग नातवाची सोबत तिला सर्वांत कमी का मिळावी?

कोणी म्हणेल, तिला स्वयंपाकातच आनंद वाटतो. वाटत असेलही. पण तिला निवडीची संधी दिल्याशिवाय हे कोणी ठरवले? आठवड्यातून तीन दिवस सकाळी शिळी भाकरी, ठेचा आणि दही चालेल असे घरात जाहीर करा; दुपारचे जेवण मोठ्या नातवांकडून करवून घ्या, फक्त नातींकडून नव्हे. आणि फजरनंतर तिलाही बरोबर घ्या, डब्याशिवाय. कुंडलिकेच्या कोरड्या पात्राजवळून चालताना तीही काहीतरी सांगेल. 1972 मध्ये दूरवरून पाणी बहुधा मुलीच आणीत होत्या. तुम्हाला ठाऊक नसलेली कितीतरी हकीगत तिच्याजवळ असेल.

आणखी एका भेदाविषयी थोडक्यात. पोते आले की बकरा कापायचा आणि नवासे आले की ‘किती दिवस राहणार’ असे विचारायचे, ही रीत आपल्याकडे अजून आहे. पैगंबर (स.) यांची सारी नातवंडे मुलींकडचीच होती. थोरली कन्या जैनब (रजि.) यांची छोटी उमामा (रजि.) हिला त्यांनी नमाज पढविताना अंगावर घेतले, सजद्याला जाताना खाली ठेवीत, उभे राहताना उचलून घेत. पाठीवर चढलेल्या नातवाला घाई करायला लावणे नको वाटले म्हणून त्यांनी सजदा लांबविला, असेही नसाईच्या संग्रहात आहे. मागे सारी जमात ताटकळत होती.

शेवटी बाहेरगावी असलेल्या मुला-मुलींना थोडे सांगणे आहे. आई-वडिलांची नफल तुम्ही परस्पर फर्ज करून टाकली आहे. दोघेही नोकरीला जातात, सुट्टीत मुलांना कुठे ठेवायचे हा प्रश्न खरा आहे, तो मी नाकारीत नाही. परंतु हनफी फिक्हमध्ये आईनंतर मुलाच्या संगोपनाचा हक्क नानीकडे आणि मग दादीकडे जातो, तेव्हाही त्याच्या खर्चाची जबाबदारी बापावरच राहते. तेव्हा मुले पाठविताना महिन्याचे वाणसामान आणि कामाला येणाऱ्या बाईचे वेतन पाठवा. ‘अब्बांना पेन्शन आहे’ हे उत्तर होऊ शकत नाही. आणि एप्रिलमध्ये तिकिटे काढण्यापूर्वी फोन कराल तेव्हा अब्बांशी बोलून झाल्यावर फोन अम्मींकडे द्यायला सांगा. यंदा मुलांना पाठवू का, किती दिवस पाठवू, असे तिलाच विचारा, आणि ती ‘पाठव ना’ असे म्हणण्यापूर्वी किती वेळ थांबते, तेही ऐका.