जुने तेल



जुनी घड्याळे दुरुस्त करण्याचा आम्हांला छंद आहे. परवा एच.एम.टी.चे १७ ज्वेलचे, चावीचे ‘जनता’ घड्याळ उघडले. मोडले काहीच नव्हते. तेल वर्षानुवर्षे सुकून चिकट झाले होते. अशा वेळी वरून नवे तेल सोडून भागत नाही. एकेक चाक सुटे करून पेट्रोलात धुवावे लागते. मग सुईच्या टोकावरचे तेलही पुरते आणि घड्याळ तासाला १८,००० ठोके देऊ लागते.

मंडळीतील एका बंधूशी आमचा दोन वर्षे अबोला होता; वरून प्रार्थना मात्र चालू होत्या. त्याच रात्री आम्ही त्यांच्या दारी गेलो.

प्रियहो, धुणारा प्रभू आहे. अंतःकरण उघडून देणे आपल्याकडे आहे. तुमचे कोणते तेल सुकले आहे?