बेगमी आणि हव्यास

संग्रह हा गुण की दोष, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी जितका चर्चिला आहे तितकाच तो गृहिणींनी प्रत्यक्षात सोडविला आहे. गोमंतकातील ख्रिस्ती शेजाऱ्यांचा उन्हाळा पाहिला म्हणजे याची खात्री पटते. ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीचे फेस्त असते. पुढे पेंटेकॉस्टच्या सुमारास मडगावात होली स्पिरिट चर्चपाशी पुरुमेंताचे फेस्त भरते. सायबिणीला तेल वाहणाऱ्यांत आपलीही माणसे असतात, आणि फेस्ताच्या बाजारात तर कोण देवळाचा व कोण चर्चचा हे ओळखूही येत नाही. सुकी सुंगटे, मिरच्या, कांद्यांच्या माळा, सोले, चिंच, मीठ ही खरेदी दोन्ही घरांची सारखीच. 'पुरुमेंत' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. अर्थ मात्र आपलाच. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी.

आता यात एक विसंगती दिसते. सकाळी मिस्सेला जाणारी बाई देवाजवळ केवळ आजची भाकर मागते. मत्तयाच्या शुभवर्तमानातील ज्या सहाव्या अध्यायात ही प्रार्थना आहे, त्याच अध्यायात उद्याची चिंता करू नका, असा उपदेश आहे आणि कोठारे न भरणाऱ्या पाखरांचा दाखलाही आहे. तीच बाई घरी येऊन बरणीत पारा घालते, तोरे मिठात चेपते, आंब्याचे मांगाड आटविते आणि चार महिन्यांची तजवीज करते. मग तिची प्रार्थना खोटी म्हणावी काय? आपणही अपरिग्रहाची स्तुती ऐकून घरी येतो आणि फणसाची साठे उन्हात घालतो. तेव्हा हा आरोप शेजारणीवर करण्यापूर्वी आपल्यालाही उत्तर द्यावे लागेल.

कायदा येथे फारसा उपयोगी पडत नाही. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली सरकार साठ्यावर मर्यादा घालू शकते. परंतु तो कायदा मण मोजतो, मन मोजत नाही. नीतीला मात्र हेतूच पाहावा लागतो.

माझ्या मते बेगमीला तीन बंधने असतात. पहिले गरजेचे: घरात जितकी तोंडे, तितकी बरणी. दुसरे काळाचे: ५ ऑगस्टला रायला आणि २१ ऑगस्टला ताळगावला कणसांचे फेस्त होते, नवे कणीस चर्चमध्ये आशीर्वादासाठी येते, आपल्याकडेही देवाला नवे अर्पण होते. नवे आले की जुने संपलेले असावे, हा त्यातला संकेत. तिसरे बंधन शेजाराचे. मे महिन्यात वाड्यावरील खुरसापाशी संध्याकाळी लादाईन गायिली जाते आणि जमलेल्या सर्वांना उकडलेले चणे वाटले जातात. कांदे मोजून ठेवणारे घर त्या सायंकाळी चणे मोजत नाही.

लूकच्या शुभवर्तमानात एका श्रीमंताची कथा आहे. पीक उदंड आले म्हणून तो जुनी कोठारे पाडून मोठी बांधू पाहतो आणि त्याच रात्री मरतो. चौथ्या शतकातील संत बासिल याने या कथेवर प्रवचन करताना, आपल्याजवळचे जादा धान्य हे भुकेल्याचेच आहे, असे ठणकावून सांगितले. भागवताच्या सातव्या स्कंधात नारदही युधिष्ठिराला हेच सांगतात: पोटापुरत्यावरच माणसाचा हक्क, त्याहून अधिकावर हक्क सांगणारा चोर ठरतो. दोन्ही परंपरांनी निषेध केला आहे तो कोठाराचा नव्हे, तर अंत नसलेल्या कोठाराचा.

कोणी म्हणेल, आता पावसातही दुकाने उघडी असतात, नद्यांवर पूल झाले, घरोघरी शीतकपाटे आली. पुरुमेंताची गरजच काय? गरज उणावली हे खरे. पण संग्रहाची वृत्ती उणावलेली नाही. तिने केवळ आपला विषय बदलला आहे. वकिलीच्या व्यवसायात मी रोज पाहतो: घरे घेतली जातात ती राहण्यासाठी नव्हे, शेते घेतली जातात ती पिकविण्यासाठी नव्हे, केवळ उद्या भाव चढेल म्हणून ती अडवून ठेवायची. त्यांत देवळाला जाणारेही आहेत आणि चर्चला जाणारेही. या साठ्याला ऑगस्ट येत नाही, नवे कणीस येत नाही, आणि त्यातून मूठभर चणेही वाड्याला मिळत नाहीत. शेजारच्या तरुणाला मात्र स्वतःच्याच गावात घर परवडत नाही.

तेव्हा त्या बाईची प्रार्थना खोटी नाही. तिची बरणी भरते ती रिकामी होण्यासाठी. आपण जे जमविले आहे ते कोणत्या ऋतूसाठी आणि ते केव्हा संपावयाचे, याचे उत्तर ज्याच्याजवळ आहे त्याने खुशाल संग्रह करावा. ज्याच्याजवळ ते नाही, त्याने देवासमोर हात जोडताना आजची भाकर मागण्यापूर्वी क्षणभर थांबावे, हे बरे.