वेग : स्वभाव की उपाधी?

अग्नीची उष्णता स्वाभाविक, परंतु तापलेल्या पाण्याची उष्णता औपाधिक, म्हणजे अग्निसंयोगाने आलेली आणि तो संयोग सुटताच ओसरणारी, असा सूक्ष्म भेद वैशेषिकांनी केला आहे. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर निर्मात्याने जो वेग नोंदवलेला असतो तो या दोहोंपैकी कोणत्या कोटीतला, हा प्रश्न वरवर क्षुल्लक भासला तरी, तो वेग वाढवण्याची म्हणजे ओव्हरक्लॉकिंगची विद्या शिकू पाहणाऱ्याने तो सर्वांआधी सोडवला पाहिजे असे मला वाटते; कारण आपण मर्यादेचे उल्लंघन करीत आहो की केवळ एका नोंदीचे, हे त्याच्या उत्तरावरच ठरते.

इंटेलच्या आजच्या बहुतेक प्रोसेसरांत मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झचा असतो आणि त्याला एका गुणकाने गुणून कामाचा वेग निघतो. गुणक ४५ असेल तर वेग ४.५ गीगाहर्ट्झ. हा गुणक वाढवणे हे ओव्हरक्लॉकिंगचे प्रमुख साधन होय, परंतु लॅपटॉपच्या बहुसंख्य प्रोसेसरांत तो कुलूपबंद असून, ज्यांच्या नावाअखेरीस एचके किंवा एचएक्स ही अक्षरे येतात अशा थोड्यांतच तो सामान्यतः खुला असतो. नोंदीचा वेग ठरतो तो असा : सिलिकॉनच्या एकाच चकतीवर घडलेल्या प्रोसेसरांची तपासणी होऊन त्यांची प्रतवारी लागते, आणि पुष्कळदा वरच्या प्रतीची योग्यता असलेला नगही बाजाराच्या गरजेपोटी खालच्या प्रतीत दाखल होतो. १९९८ साली टेबलावरच्या संगणकांसाठी आलेला सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, बसचा, म्हणजे त्याच्या मूळ ठोक्याचा, वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेताच, अनेकांच्या घरी ४५० मेगाहर्ट्झने निर्वेध चालला, तो याच कारणाने. म्हणजे कागदावरची संख्या ही सिलिकॉनच्या स्वभावाची सनद नव्हे. तपासणी, व्यापार आणि सावधगिरी यांच्या तजविजीतून निघालेले ते हमीपत्र होय.

मग मर्यादा नाहीच काय? आहे, परंतु ती एकट्या वस्तूत वसत नाही. प्रोसेसरला लागणारी शक्ती वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्याही प्रमाणात वाढते, त्यामुळे दोन्ही दहा टक्क्यांनी चढवले तर उष्णतेचा भार सुमारे तेहतीस टक्क्यांनी चढतो. आणि लॅपटॉपच्या चिंचोळ्या देहात प्रोसेसर व ग्राफिक्स यांना अनेकदा सामाईक उष्णतावाहक नळ्यांवर निर्वाह करावा लागतो. इंटेलचे लॅपटॉपमधील अनेक प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसला पोहोचताच आपण होऊन वेग उतरवतात, आणि म्हणून ज्या नवशिक्याने मोठ्या उमेदीने गुणक चढवला त्याचे यंत्र पूर्वीपेक्षा मंद झाल्याचा अनुभव त्याला येऊ शकतो. पंख्यात साचलेली धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट, वैशाखातली दुपार वा माघातली पहाट, हे सारे त्या वेगाचे घटक आहेत. उपाधी बदलली की वेग बदलतो.

यामुळेच या विद्येचा पहिला पाठ वाढवण्याचा नसून निवारणाचा आहे. पंखे स्वच्छ करावेत, पेस्ट बदलावी, कामाच्या भाराखाली तापमान किती चढते ते पाहावे. नंतर शक्य असेल तर व्होल्टेज किंचित उतरवावे, कारण वर्गाच्या नियमामुळे येथला अल्प संयमही मोठे फळ देतो. २०१९ साली प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतील उणीव उघड झाल्यावर अनेक लॅपटॉपांत हा मार्ग बंद करण्यात आला, ही खेदाची गोष्ट आहे. मग ग्राफिक्सचा वेग लहान लहान पायऱ्यांनी चढवून प्रत्येक पायरीवर दीर्घ चाचणी घ्यावी, आणि पडद्यावर विकृती दिसताच एक पायरी मागे यावे.

प्रोसेसरच्या बाबतीत मात्र असा उघड साक्षीदार नेहमीच मिळत नाही. मर्यादेबाहेर गेलेला प्रोसेसर प्रत्येक वेळी बंद पडत नाही. तो कधी कधी चालत राहतो आणि एखादा अंक चुकीचा सांगतो. वेग हा संबंधातून सिद्ध होतो हे एकदा मान्य केले, तर त्या संबंधात केवळ हवा आणि धातू येत नाहीत, त्या यंत्राच्या उत्तरावर विसंबणारी माणसेही येतात, आणि त्यांच्या वतीने हमीपत्र फाडण्याचा अखत्यार यंत्राच्या मालकाला कोणी दिलेला नाही. आपल्या करमणुकीच्या यंत्रावर त्याने खुशाल प्रयोग करावेत, वॉरंटी गेली तरी तो त्याचा प्रश्न. पण ज्या लॅपटॉपवर एखाद्या पतपेढीचा ताळेबंद किंवा विद्यार्थ्यांची गुणपत्रके तयार होतात, त्याचा गुणक मूळ जागीच असावा, आणि तो पूर्वी चढवलेला असेल तर पूर्ववत करून, स्मृतीची व प्रोसेसरची रात्रभर तपासणी झाल्याखेरीज ते काम त्यावर घेऊ नये.