शेजाऱ्याची विहीर

दुसऱ्याची वस्तु त्याच्या संमतीवांचून नेणें ह्यास चोरी म्हणतात, हें लहान मुलासहि कळतें. परंतु जो मनुष्य शेजाऱ्याच्या विहिरीस हात लावीत नाहीं, तिच्या कांठीं पाऊलहि ठेवीत नाहीं, केवळ आपल्याच हद्दींत खणतो, आणि त्यामुळें ती विहीर कोरडी पडते, त्यास काय म्हणावें? जेथें जमिनींतून खनिज काढितात तेथें हा प्रश्न घरोघर उभा राहतो. म्हणून वाचकांनीं त्याकडे थोडें लक्ष द्यावें.

ह्या प्रश्नाचा एक प्रसिद्ध निवाडा इंग्लंडांत १८४३ सालीं झाला. लँकेशायर परगण्यांत एका सुताच्या गिरणीसाठीं १८२१ सालीं विहीर खणली होती. पुढें १८३७ सालीं सुमारें पाऊण मैलावर दुसऱ्यांनीं कोळशाच्या खाणी खोदण्यास आरंभ केला, आणि विहिरीचें पाणी गेलें. गिरणीवाला ॲक्टन व खाणवाला ब्लंडेल ह्यांचा हा वाद मुख्य न्यायाधीश टिंडल ह्यांच्यापुढें आला. उघड वाहणाऱ्या ओढ्याचा नियम तेव्हांहि निराळा होता. कांठच्या प्रत्येक मालकास त्यांत वांटा असे, व वरच्यानें खालच्याचा प्रवाह तोडूं नये असें कायदा म्हणे. पण जमिनीखालचें पाणी कोठून येतें व कोणत्या वाटेनें जातें हें कोणास दिसतें? म्हणून असें ठरलें कीं, आपल्या जमिनींत खणणाऱ्यानें तें पाणी काढिलें तर शेजाऱ्याची हानि होते खरी, परंतु त्याजवर अन्याय होत नाहीं. १८५९ सालीं क्रॉयडन शहराच्या पाण्यासाठीं खोदलेल्या विहिरीमुळें वाँडल नदीचें पाणी घटलें, तेव्हां साठांहून अधिक वर्षें त्या नदीवर चाललेल्या पाणचक्कीच्या मालकासहि हेंच उत्तर मिळालें. १८९५ सालीं तर खणणाऱ्याचा हेतु दुष्ट असला तरी चालेल, येथपर्यंत मजल गेली!

हाच विचार आपल्याकडेहि आला. आपल्या हद्दींतील, निश्चित पात्रानें न वाहणारें भूमिगत पाणी घेण्याचा प्रत्येक जमीनमालकाचा हक्क १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यांत नमूद आहे, आणि १८९१ सालीं तो कायदा मुंबई इलाख्यास लागू झाला.

शेजारच्या गोव्याचा इतिहास निराळा. तेथें पोर्तुगीज अमलांत खाणींच्या सनदा दिल्या गेल्या, व १९८७ च्या कायद्यानें त्या जाऊन त्यांचे पट्टे झाले. पण खाणीच्या तळाशीं जें घडतें तें लँकेशायरांत आणि डिचोलींत एकच. गोव्याचें लोहखनिज जांभ्याखालीं सांपडतें, आणि हे थर सच्छिद्र असल्यामुळें पावसाचें पाणी त्यांतच सांठतें. उन्हाळ्यांत झऱ्यांनीं कुळागरांस व ओढ्यांस जें मिळतें तें हेंच. खाण पाण्याच्या पातळीखालीं उतरली म्हणजे चोहोंकडचें पाणी तिच्याकडे ओढलें जातें. तें पंपानें उपसून नाल्यांत सोडल्यावांचून काम चालत नाहीं. मग वाटसरू नाल्यास पाणी पाहून म्हणतो, येथें टंचाई कसली? तें पाणी कोणाच्या विहिरींतलें, हें त्यास कोण सांगणार! लईराईच्या जत्रेसाठीं प्रसिद्ध असलेल्या शिरगांवांत विहिरी व झरे असेच आटले, टँकरानें पाणी येऊं लागलें, आणि गांवकऱ्यांस उच्च न्यायालयाचें दार ठोठावावें लागलें.

खाणवाल्याचेंहि म्हणणें ऐकिलें पाहिजे. तो म्हणतो, मला पाणी नकोच होतें, मला खनिज हवें होतें. पाणी हा तर माझा शत्रु. हें खोटें नाहीं. शिवाय ज्याची विहीर आटली त्याच गांवच्या मनुष्यानें पुष्कळदां कर्ज काढून खनिज वाहण्यासाठीं ट्रक घेतलेला असतो. तेव्हां एका बाजूस दुष्ट व दुसऱ्या बाजूस साधु अशी मांडणी आम्हांस करवत नाहीं.

तरी एक गोष्ट आमच्या मनास टोंचते. १८४३ च्या निवाड्याचा सर्व भार अज्ञानावर होता, आणि तें अज्ञान प्रामाणिक होतें. आज भोंके पाडून भूगर्भांतील पाण्याची पातळी व दिशा मोजितां येते, आणि अमुक खोलीस गेल्यास कोणत्या वाडीच्या विहिरी उतरतील ह्याचा अंदाज खणण्यापूर्वींच बांधितां येतो. जो न जाणतां हानि करितो व जो नकाशा पुढें ठेवून करितो, ते दोघेहि एकाच शब्दाआड कसे उभे राहूं शकतील? हेतु वाईट नव्हता एवढेंच सांगून दुसऱ्याची सुटका होईल असें आम्हांस वाटत नाहीं. जें घडणार हें ठाऊक होतें व तरी केलें, तें त्यानें पत्करलेंच.

आणि टँकर? टँकर पाठविला म्हणजे भरपाई झाली, असें पुष्कळ भले लोकहि समजतात. विहीर असतांना त्या घरच्या बाईस पाण्यासाठीं कोणाचें तोंड पाहावें लागत नव्हतें. आतां तिनें घागर घेऊन वाट पाहावी, आणि तक्रार केली तर उद्यां गाडी येईल कीं नाहीं ह्या धाकानें गप्प बसावें! पाणी तितकेंच मिळालें असें घटकाभर मानलें, तरी जें हक्काचें होतें तें कृपेचें झालें. ही हानि घागरींनीं मोजतां येत नाहीं, आणि म्हणूनच कोणी मोजीत नाहीं.

सर्वोच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०१२ मध्यें गोव्याच्या खाणी थांबविल्या, २०१४ सालीं अटी घालून मोकळ्या केल्या, व २०१८ सालीं ८८ पट्ट्यांचें नूतनीकरण रद्द केलें. २०२२ पासून पट्ट्यांचे लिलाव होऊन कांहीं ठिकाणीं काम पुन्हां सुरू झालें आहे. विहीर आटल्यावर ती पूर्वीं किती भरत असे हें सिद्ध करण्याचा भार तिच्या मालकावर पडतो, आणि त्याच्याजवळ आठवणीवांचून कांहीं नसतें. ज्या गांवांच्या डोंगरावर खणण्याचें घाटत आहे, तेथें वैशाखांत एकदां व पाऊस सरल्यावर एकदां, दोराच्या टोकास दगड बांधून विहिरींचें पाणी किती हात खालीं आहे तें पाहावें, आणि तारीख घालून एका वहींत लिहून ठेवावें. शाळेंतलीं मुलेंसुद्धां हें करूं शकतील.