नेमकं काय बिघडलंय?

टीव्ही सहा-सात वर्षांचा झाला की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'आता हा बदलायला हवा.' मालिका लावली की पडद्यावर चक्र फिरत राहतं. एखादं ॲप उघडायलाच तयार नसतं, तर एखादं 'या टीव्हीवर आता चालणार नाही' असं सांगून मोकळं होतं. त्यात दिवाळीचे सेल लागलेले असतात आणि मुलं मोबाइलवर पंचावन्न इंची टीव्हीच्या किमती दाखवत असतात. अशा वेळी केबलवरच्या बातम्या लावून दोन मिनिटं नुसतं चित्र बघावं. रंग चांगले असतात, आवाज खणखणीत असतो. निवेदिकेच्या साडीचे काठसुद्धा स्पष्ट दिसतात.

स्मार्ट टीव्ही म्हणजे एकाच चौकटीत बसवलेल्या दोन वस्तू : एक पडदा आणि एक छोटा कम्प्युटर. पडदा सहज आठ-दहा वर्षं चालतो. कम्प्युटरला मात्र चार-पाच वर्षांतच धाप लागते. ॲप्स दरवर्षी जड होत जातात, कम्प्युटरची मेमरी तेवढीच राहते आणि पुढे कंपनीचे अपडेटही बंद होतात. डिसेंबर २०१९ मध्ये सॅमसंगच्या २०१० आणि २०११ सालच्या काही स्मार्ट टीव्हींवर नेटफ्लिक्स बंद झालं. पडदे फुटले नव्हते, आतला कम्प्युटर मागे पडला होता. कुकरला वाफ धरेना, तर आपण रिंग बदलतो. कुकर मोडीत काढत नाही. टीव्हीची रिंग म्हणजे बोटभर लांबीची स्ट्रीमिंग स्टिक. मागच्या एचडीएमआयच्या खाचेत ती बसवली की जुन्याच पडद्याला नवा कम्प्युटर मिळतो, तोही नव्या टीव्हीच्या तुलनेत फार थोड्या पैशांत.

अर्थात, स्टिक घेण्याआधीही घरच्या घरी करण्यासारखं बरंच असतं. कुणी उघडतही नाही अशी ॲप्स काढून टाकावीत. टीव्हीचा प्लग काढून दोन मिनिटांनी परत लावावा. एवढ्यानेही कधी कधी गाडी रुळावर येते. स्टिक घेतलीच, तर तिला टीव्हीच्या यूएसबीवर न ठेवता तिच्या स्वतःच्या ॲडॉप्टरवर चालवावं, कारण यूएसबीची वीज कधी कधी पुरत नाही. आजीला दोन रिमोटचा घोळ नको असेल, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी सुरू करून बघावं; बऱ्याच टीव्हींवर मग एका रिमोटने भागतं. पण पडद्यावर उभ्या रेघा आल्या असतील किंवा अर्धा भाग काळा पडला असेल, तर नवा टीव्ही खुशाल घ्यावा. दुकानात मात्र आधी चित्र बघावं, ॲप्स नंतर. चित्र पुढे बदलता येत नाही, ॲप्सची सोय करता येते.

कंटाळा आला की आपण सगळ्याच बाबतीत 'बदलून टाकू' या निकालावर लवकर येतो. सकाळचा व्यायाम चार दिवस बुडाला की 'आपल्याला जमणारच नाही' म्हणतो. व्यायाम जमत असतो, साडेपाचची वेळ जमत नसते. 'ही नोकरीच नको' असं वाटतं, तेव्हा बऱ्याचदा संध्याकाळी सहाला लागणारी ती एक मीटिंग नको असते. बाबांना हल्ली काही लक्षात राहत नाही, अशी तक्रार आपण करतो. कदाचित त्यांना कमी ऐकू येत असेल आणि पुन्हा पुन्हा विचारायचा त्यांना संकोच वाटत असेल. आज एखाद्या गोष्टीबद्दल 'सगळंच बिघडलंय' असं तोंडावर आलं, तर तिथंच थांबून स्वतःला विचारावं, 'सगळं की त्यातलं काही?' उत्तर बहुतेक वेळा लहानसं निघतं. लहान गोष्टीला फार पैसे लागत नाहीत, मोठं धैर्यही लागत नाही, आणि ती आजच्या आज हातात घेता येते.