झोपलेल्या प्रवाशाचा चेहरा

निफाड स्थानकावरून नाशिककडे आणि पुढे मुंबईकडे रोज कामाला जाणाऱ्यांचे एक स्वतंत्र जग आहे. १९७५ साली सुरू झालेल्या पंचवटी एक्सप्रेसने त्याला आकार दिला. मनमाडहून निघालेली ही गाडी लासलगाव, निफाड घेत नाशिकरोडला पोहोचते. तेथून मुंबई आणखी १८७ किलोमीटर दूर असते. डब्यात कुणी जपमाळ ओढतो, कुणी वर्तमानपत्र वाचतो, पुष्कळ जण अपुरी राहिलेली झोप पुरी करतात. यांच्यावर लघुपट काढावा, असे आपल्या धर्मग्रामातील एखाद्या युवकाला वाटले, तर ते स्वाभाविकच आहे. कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात असतो. पण रात्रपाळी करून परतताना तोंड उघडे ठेवून झोपी गेलेल्या परिचारिकेचा चेहरा त्याने टिपावा काय?

कुणी म्हणेल, परवानगी मागितली की माणूस सावरून बसतो आणि सत्य निसटते. हा आक्षेप खोटा नाही. मात्र तिच्या अजाणतेपणातून मिळालेल्या सत्याची किंमत तीच मोजते. उद्या सभागृहात त्या दृश्यावर हशा पिकला, तर मान खाली घालण्याची वेळ तिच्यावर येईल, चित्रकारावर नव्हे.

दयाळू शोमरोन्याचा दाखला येथे आठवतो. वाटेवर पडलेला जखमी मनुष्य याजकाने पाहिला, लेव्यानेही पाहिला. पाहण्यात दोघेही उणे नव्हते. शोमरोन्याचे पाहणे मात्र त्याला महागात पडले: तेल, द्राक्षारस, स्वतःचे जनावर, दोन दीनार आणि वेळ. ज्या पाहण्याने पाहणाऱ्यावर काहीच जबाबदारी येत नाही, ते पाहणे म्हणजे बाजूने निघून जाणेच होय.

आपल्याच जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांना चित्रपटाची प्रेरणा मिळाली, ती मुंबईत ख्रिस्तजीवनावरील मूकपट पाहून. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली प्रदर्शित झाला. त्यापूर्वी त्यांनी कुंडीतील रोपाची वाढ दिवसामागून दिवस टिपून 'अंकुराची वाढ' हा लघुपट केला होता. रोपाला लाज नसते. त्याची परवानगी कोण मागणार? तरीही त्याच्यापुढे त्यांनी एवढी सबुरी दाखवली. मग माणसापुढे किती दाखवावी?

म्हणून त्या युवकाने आधी महिनाभर कॅमेऱ्याविना त्याच डब्यातून प्रवास करावा. नावे विचारावीत, जागा द्यावी, कुणाचे ओझे उचलून द्यावे. ओळख झाल्यावर परवानगी मागणे जड जात नाही आणि माणसेही सावरून बसणे विसरतात. चित्रपट पुरा झाल्यावर तो प्रथम त्यांनाच दाखवावा. ज्याला आपले दृश्य नको असेल, त्याचे निमूटपणे वगळावे. यात एखादे सुंदर दृश्य हातचे जाईल. ते जाऊ द्यावे. शेजाऱ्यावरील प्रीतीचा तोच खर्च आहे आणि तो पाहणाऱ्यानेच सोसायचा असतो.